सत्ताविसावं मूल

सोजरबाई हसली तेव्हा मी सत्ताविसाव्या मुलाच्या मानेवरचा खड्डा मोजत होते.

मोठ्यानं नाही हसली. पदर तोंडाशी धरून, हसू दाबताना जेवढं बाहेर सांडतं तेवढंच. पण माझ्या कामाला कोणी हसू शकेल हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्याहून पुरातत्त्वाची पदवी घेऊन आले होते. नवी पदवी म्हणजे नवा जोडा. वाजला तरी चालेल, पण सगळ्यांना दिसावा असं वाटतं.

गाव गोदाकाठचं भोगाव. साल त्र्याऐंशी, शिमगा नुकताच झालेला. खोली त्र्यंबकराव टेकाळ्यांच्या घरातली. टेकाळे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं, आणि ते दर वेळी "डॉक्टर नाही हो, कंपाउंडर" असं सांगायचे, पण इतकं हळू की चुकून कोणाला ऐकू जाऊ नये.

भोगावच्या उत्तरेला पांढरीचं टेकाड होतं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती. गावातली घरं माळवदाची, आणि माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी चढवायची. त्यासाठी लोक टेकाड उकरायचे आणि मातीबरोबर मणी निघायचे, खापरं निघायची, आणि भाजलेल्या मातीची लहान मुलं निघायची. रांगणारी, मांडी घातलेली, अंगठा चोखणारी. लोक ती टेकाळ्यांना आणून द्यायचे आणि बदल्यात खोकल्याचं औषध न्यायचे. तीस वर्षांत अशी एकेचाळीस मुलं जमली होती. एवढ्याशा गावात इतका खोकला कसा, असं मी विचारलं तर म्हणाले, "मुलं निघायला लागल्यावर वाढला."

दहा दिवसांनी मुंबईहून समिती येणार होती. तिला संग्रह पटला तर जिल्ह्याच्या संग्रहालयात एक दालन मिळणार होतं, आणि टेकाळ्यांचं उरलेलं आयुष्य त्या एका दालनासाठी थांबलं होतं. मी नोंदवही करायला आले होते. कपाटातल्या जागेनुसार क्रमांक, वस्तू, माप, काळ, शेरा असे पाच रकाने. हे झालं दिलेलं काम. मनातलं काम वेगळं होतं. एकेचाळीसपैकी बारा मुलांच्या मानेवर, अगदी एकाच जागी, अंगठ्याचा खड्डा होता. ती एका कारागिराची सही आहे असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. 'भोगावचा अज्ञात शिल्पकार' हा माझा पहिला लेख. तो लिहायचा बाकी होता. परिषदेत वाचताना कोणती साडी नेसायची ते ठरलं होतं.

त्या बारांतलं सगळ्यात देखणं म्हणजे सत्ताविसावं. वीतभर लांब, रांगणारं, डावा कान उजव्याहून मोठा, आणि रांगता रांगता मान वळवून मागे बघणारं, मागून कोणी हाक मारल्यासारखं. हलवलं की पोटात खुळखुळायचं. वहीत मी लिहिलं होतं: पोटात मातीच्या गोळ्या, खुळखुळा. काळ सातवाहन. शेऱ्याचा रकाना तेवढा मोकळा होता.

सोजरबाई कुंभारीण त्या दिवशी टेकाळ्यांकडे दोन माठ द्यायला आली होती. पन्नाशीची, काटक, हातभर चुडा. माठ ठेवून ती दाराशी रेंगाळली आणि मग ते हसू सांडलं. मी जरा कडक आवाजात सांगितलं की ही सही आहे, ज्यानं मूल घडवलं त्या कारागिराची.

"ज्यानं?" ती म्हणाली. "गडी चाकावर बसत्यात, बाई. लेकरं बायाच करत्यात. आन् ती सही न्हाई, तीट हाय. भट्टीत घालायच्या आदी मानंवर अंगठा दाबायचा, नजर लागू नये म्हनून."

माझ्या अज्ञात शिल्पकाराच्या मिशा तिथेच गळून पडल्या. तरी मी तग धरून होते. शिल्पकाराची शिल्पकारीण करायला फार तर दोन ओळी बदलाव्या लागणार होत्या. पण सोजरबाई आता माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलाजवळ आली, सत्ताविसाव्याच्या मोठ्या कानावरून तिनं बोट फिरवलं आणि मटकन खाली बसली. "ह्यो हितं कसा आला?" असं तिनं विचारलं, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत म्हणाली, "ह्यो माजा धोंडिबा हाय."

मग तिनं सांगितलं ते असं. तिची आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथा जगला, तेव्हा यमानं ढुंकून बघू नये म्हणून त्याचं नाव धोंडिबा ठेवलं. पण नुसत्या नावानं भागत नाही. कुंभाराच्या घरात अशा मुलाचा मातीचा जोड करायची रीत होती. जोड सासूनं करायचा, मुलाच्या करदोट्यातला पैसा त्याच्या पोटात घालायचा, मानेवर तीट दाबायची, भाजायचं, आणि पांढरीत पालथं पुरायचं. मुलावर जे जे येणार असेल ते मग जोडावर जातं. मुलाला स्वतःचं मूल झालं की जोड मोकळा. धोंडिबाच्या जोडाच्या पोटात भोकाचा पैसा होता आणि सासूनं घाईत डावा कान मोठा केला होता. घाई कशाची, तर तेव्हा धोंडिबाला ताप चढत होता.

धोंडिबा आता पंचवीस वर्षांचा होता. वर्षभरात त्याची सोयरीक दोनदा मोडली होती आणि शिमग्याआधी जीपच्या टपावरून पडून त्यानं पाय मोडून घेतला होता. सोजरबाईनं देव विचारले, अंगारे लावले, दोन उपास वाढवले. काय चुकतंय ते कळत नव्हतं. आता कळलं. कोणीतरी माळवदासाठी माती उकरताना त्याचा जोड वर काढला होता आणि तो वर्षभर टेकाळ्यांच्या कपाटात, कापसात, टॉनिकच्या रिकाम्या खोक्याशेजारी उताणा पडला होता.

"द्या मला," ती म्हणाली. "आजच नेते."

टेकाळे हबकले. सत्ताविसावं म्हणजे संग्रहाचं नाक. आणि ते पंचवीस वर्षांचं निघालं तर बाकीच्या चाळिसांवर तरी समिती कशाला विश्वास ठेवील? ते तिला समजावू लागले की हे दोन हजार वर्षांचं आहे. तिनं विचारलं की तुम्ही बघितलं होतं का. मग मी पुढे झाले. मातीचा रंग, भाजणीची पद्धत, वर चढलेला राखेचा थर असं सगळं मी तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं. तिनं ते पाहुण्यांच्या पोरानं म्हटलेली कविता ऐकावी तसं शेवटपर्यंत ऐकलं.

"माती तीच हाय, मापवाल्या बाई," ती म्हणाली. "आमी काय पुन्याहून आनतो का?"

तेव्हापासून मी मापवाली बाई झाले.

फोडून बघावं असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. मार्ग सुचला तो टेकाळ्यांना. तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रे काढणारा लतीफ त्यांच्या हाताखाली शिकलेला होता. पोटात पैसा दिसला तर मूल सोजरबाईचं, गोळ्या दिसल्या तर कपाटाचं, असं ठरलं. ताडून बघायला चौदावंही बरोबर घ्यायचं ठरलं, कारण त्याच्याबद्दल कोणाला शंका नव्हती. एकसष्ट साली विहीर खणताना ते वीस हात खाली, जुन्या विटांच्या भिंतीच्या बुडाशी सापडलं होतं, आणि टेकाळे स्वतः दोराला धरून खाली उतरले होते. चौदाव्याच्या पोटातल्या गोळ्या फिल्मवर दिसल्या की सत्ताविसाव्यातल्या ओळखता येतील, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. सत्ताविसावं सोजरबाईच्या पदरात, चौदावं माझ्या मांडीवर खोक्यात. कंडक्टरनं दोघांकडे बघितलं आणि पाच वर्षांच्या आतली आहेत ना, एवढंच विचारून तिकिटं फाडली. भोगावात कोणतीही बातमी एसटीच्या आधी स्टँडवर पोचते.

लतीफ कामाला चोख होता. फॉर्म भरल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही हे त्याला टेकाळ्यांनीच शिकवलेलं.

"पेशंटचं नाव?"

"धोंडिबा मारुती कुंभार," सोजरबाई म्हणाली.

"वय?"

"दोन हजार," टेकाळे म्हणाले. त्याच वेळी ती म्हणाली, "पंचवीस."

लतीफनं पेन उचलून दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि 'लहान मूल' असं लिहून टाकलं. मग त्यानं सत्ताविसाव्याला काचेवर निजवलं, आत जाऊन बटणाशी उभा राहिला आणि रोजच्या सवयीनं ओरडला, "श्वास रोखून धरा." आम्ही तिघांनी धरला. सोडा म्हणायला तो विसरला, त्यामुळे बराच वेळ धरून होतो.

पहिल्या फिल्मवर पोटात नुसती एक पांढरी रेघ दिसली. रेघ म्हणजे काय, यावर टेकाळ्यांचं आणि माझं लगेच एकमत झालं की ती मातीची चीर असणार. लतीफनं मूल उचललं, हलकेच हलवलं, दुसऱ्या अंगावर निजवलं आणि पुन्हा फिल्म काढली. ती ओली फिल्म त्यानं उजेडासमोर धरली. पोटाच्या मधोमध एक गोल होता आणि गोलाच्या मधोमध भोक.

मला रडू येत होतं, हे सरळच सांगते. लेख गेला, परिषद गेली, साडी गेली. तीन आठवडे मापं घेऊन मी एका कुंभारणीच्या सासूला सातवाहन काळात नेऊन बसवलं होतं. टेकाळे भिंतीला टेकून उभे होते आणि एकदम फार म्हातारे दिसत होते. जिंकल्याचा आनंद सोजरबाईच्या तोंडावरही नव्हता. तिनं मुलाला काचेवरून उचललं आणि पदराखाली घेतलं, तिथे वारा लागत असल्यासारखं.

"आणि हा दुसरा?" लतीफनं आतून विचारलं. "ह्याच्याही पोटात पैसा आहे की."

आम्ही आत गेलो. चौदाव्याच्या पोटात गोळ्या नव्हत्या. एक लहानसा गोल होता, कडेला थोडा चेपलेला, भोक नसलेला. मी फिल्म उलटी केली, सुलटी केली. वीस हात खाली, विटांच्या भिंतीच्या बुडाशी, दोन हजार वर्षं. मानेवर तीट. पोटात नाणं.

टेकाळे खाली बसले. मग सोजरबाईनं फिल्मकडे बघितलं आणि आम्हाला एवढं काय झालंय ते तिला कळेना.

"मग?" ती म्हणाली. "त्यांनाबी सासवा व्हत्याच की."

माझं डोकं आता जोरात धावू लागलं. सत्ताविसावं खोटं नव्हतंच. दोन हजार वर्षं सासूनं सुनेला शिकवत आणलेली एक रीत, तिचं एक टोक माझ्या खोक्यात आणि दुसरं सोजरबाईच्या पदरात. असं कोणाला कधी सापडतं? मात्र त्याला दोन्ही टोकं हवीत. फिल्म कोणीही नाकारील. मूल समोर ठेवलं तर कोण नाकारणार? तासाभरापूर्वी जे गेलं म्हणून रडू येत होतं, ते मला आता सातपट जास्त हवं होतं.

रुग्णालयाबाहेर लिंबाखाली पार होता. टेकाळे चहा आणायला गेले तेव्हा मी सोजरबाईला विचारलं. चारच महिने, म्हटलं. फोटो, मापं, मुंबईला एकदा दाखवायचं. फार तर सहा. मग मी स्वतः आणून देईन.

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. ती म्हणाली, "पदर पसरा." मी पसरला. तिनं मूल त्यात ठेवलं.

"ठेवा तुमी. पर मग आई तुमी. धोंडिबाचा पाय दुखला तर तुमाला सांगावा धाडीन. सोयरीक मोडली तर तुमाला कळवीन. ताप आला तर तुमी जागायचं."

आवाजात टोमणा नव्हता. गावाला जाताना शेजारणीला किल्ली देऊन, दूध कुठे आणि मांजर कुठे ते सांगावं तसं ती सांगत होती. एवढं सांगून ती हातपाय धुवायला नळावर गेली.

मी बसून राहिले. हाड सांधतं ते प्लास्टरमुळे, हे मला माहीत होतं. भाजलेली माती कोणाचं काही घेत नाही आणि कोणाला काही देत नाही, यावर मी वाटेल तिथे सही केली असती. शिवाय माझा लेख मांडीवर होता आणि त्याच्या आईनं तो स्वखुशीनं दिला होता. मूल नेहमीसारखं मान वळवून मागे बघत होतं. नळाच्या दिशेला. किती वेळ गेला कोण जाणे, मग माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

सोजरबाई हात पुसत आली तेव्हा मी उठून उभी होते. मूल तिच्याकडे दिलं आणि म्हटलं, "पायाचं मला जमायचं नाही."

"मला ठावं व्हतं."

"कशावरून?"

"मान धरली व्हती तुमी त्याची," ती म्हणाली. "मातीच्या लेकराची मान काय लटकती व्हय?"

चहा घेताना मी तिला चौदाव्याबद्दल विचारलं. ते परत पुरायला नको का? तिला हसू आलं. त्याचं लेकरू कधीच आजोबा-पणजोबा होऊन गेलं, तो कवाच मोकळा हाय, म्हणाली. बसू दे कपाटात, कंपाउंडरबाबांनाबी कोन हाय. टेकाळ्यांनी चहा संपवायला बराच वेळ घेतला. त्यांनी सत्ताविसावं मागितलं नाही. शब्द दिला होता, आणि मला वाटतं त्यांना तो पाळताना बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकाडावर गेलो. सोजरबाईच्या हातात खुरपी होती. वर पोचल्यावर तिनं आम्हा दोघांना गावाकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. मी का म्हणून विचारलं.

"तुमी खननारी मानसं," ती म्हणाली.

मी पाठ केली, टेकाळ्यांनीही केली. तिची पावलं लांब जाताना ऐकू येत होती आणि सवयीचा परिणाम, मी ती मोजू लागले. पावलं थांबली, आकडा डोक्यात बसला, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तो पुसायला एकोणीसचा पाढा म्हणायला सुरुवात केली. मागे खुरपीचा आवाज येत राहिला. टेकाळे म्हणाले, "एकोणीस साते एकशेतेहेतीस. तुम्ही चुकलात."

पुढचं सगळं सरळ झालं. समिती आली, चाळीस मुलं बघून गेली, दालन मिळालं. माझा लेख चौदाव्यावर निघाला. त्यात त्या रिवाजाबद्दल मी तीन ओळी लिहिल्या, आणि पुरावा काय असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना पुरावा दिला नाही, म्हणून अजूनही काही विद्वान त्या तीन ओळींना हसतात. धोंडिबाचं प्लास्टर ज्या तारखेला निघणार होतं त्याच तारखेला निघालं, आणि गावात त्याचं सगळं श्रेय सोजरबाईच्या खुरपीला मिळालं. पुढच्या माघात त्याचं लग्न झालं. त्यानंतर दीड वर्षानं टेकाळ्यांचं पोस्टकार्ड आलं: धोंडिबाला मुलगी झाली. सोजर सांगते की जोड मोकळा झाला. मापवाल्या बाईंना अजून हवा असेल तर येऊन काढून घेऊन जा म्हणावं.

मी गेले. खुरपी घेऊन गेले, खोटं कशाला बोलू. पाढा म्हणूनही आकडा गेला नव्हता. टेकाडावर ज्या जागी पाठ करून उभी होते तिथे आले, वळले, पावलं मोजत गेले आणि थांबले. तिथे रानतुळस उगवली होती. खाली भट्टीशी सोजरबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं मला बघितलं, ओळखलं, हातही केला. आणि मग, माझी अडचण व्हायला नको म्हणून, तिनं हळूच माझ्याकडे पाठ केली.

मी बराच वेळ तिथे बसले. मग खुरपी पिशवीत टाकली आणि खाली गेले. सापडलं का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "जाऊ द्या," ती म्हणाली, "मलाबी आता नक्की ठावं न्हाई," आणि तिनं तिची नात माझ्याकडे दिली. डावा कान जरा मोठाच होता. मी मान धरून घेतली.

टेकाळे गेले, सोजरबाईही गेली. नोंदवही जिल्ह्याच्या संग्रहालयात आहे, माझ्याच अक्षरातली. शेऱ्याच्या रकान्यात चाळीस ठिकाणी तुटलेले पाय, उडालेली नाकं, चिरलेली डोकी यांच्या नोंदी आहेत. टेकाडावरून परतल्यावर टेकाळ्यांनी मला विचारलं होतं की सत्ताविसाव्याचं काय करायचं, ओळ खोडायची का. मी खोडली नाही. काळाच्या रकान्यातला 'सातवाहन' तेवढा काढला आणि शेऱ्यात लिहिलं: सुस्थितीत. आईने घरी नेले.